चांदीच्या कागदातले आलू

परवा मी अंगणातल्या शेकोटीत आलू पुरले आणि साफ विसरलो. सकाळी बायकोनं तीच राख भांडी घासायला ओढली. पितळी गंज घासता घासता तिच्या हाताला काळं, ओलं, मऊ असं काही लागलं. किंकाळी फोडून तिनं ते भिरकावलं आणि ते थेट माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर जाऊन बसलं. मेलेला उंदीर समजून शेजारपाजार गोळा झाला. मी ओळखलं होतं, पण कबूल करायला जरा वेळ घेतला. शेवटी एका शेजाऱ्यानं काठीनं ते उलथंपालथं केलं, वाकून वास घेतला आणि निकाल दिला, "उंदीर नोय भाऊ, आलू हाय." बायको माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "अजून खोड गेली नाई का तुमची?"

आलू म्हणजे बटाटे. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी एकदाच सांगतो, पुढे सांगणार नाही.

खोड जात नाही ती या दिवसांमुळे. पौष लागला की चांद्याच्या परकोटाच्या भिंतीबाहेर धानाच्या गाड्यांची रांग लागते. पहाटे धुकं इतकं की आधी बैलांच्या गळ्यातल्या घंटा येतात, मागून बैल येतात, आणि गाडीवान तर चिलमीच्या ठिणगीवरूनच ओळखायचा. नव्या तांदळाचा वास पोत्यातून गळत असतो. बाजारात आलूंचे ढीग पडतात, मातीसकट, थंडगार. मी लाकडाच्या वखारीतून घरी येताना पिशवीभर घेतो आणि घरी आलो की माझ्या बोटांना उगीचच चटका बसल्यासारखं होतं. मग मी काड्या गोळा करायला लागतो. माझ्या वयाच्या माणसानं या दिवसांत कानटोपी घालून गप्प बसावं. मला ते जमत नाही. माझ्या डोक्यात मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली त्याच्या पुढचा हिवाळा पेटलेला असतो.

त्या हिवाळ्यात माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणतो, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आले. पोंभुर्ण्याकडच्या खेड्यातला धान पिकवणारा माणूस. गाडीतून उतरले तेव्हा एका हातात काठी, काखेत स्वतःच्या शेतातल्या तांदळाचं पोतडं आणि धोतराच्या सोग्याला मिठाची पुरचुंडी. लेकीच्या घरी मीठसुद्धा आपलं घेऊन येणारा बाप पाहून कोणालाही वाटावं, हा भांडायला आला आहे. तसं नव्हतं. आमच्याकडे जुना नेम आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही. बहुतेक बापांना तो वर्ष-दोन वर्षं पाळावा लागतो. नातू होतो, व्याही बारशाला ओढून नेतात, पुरणपोळीच्या पहिल्या घासाबरोबर नेम संपतो. आमच्या घरी बारसं झालं नाही. नेम तसाच राहिला, आणि आमच्या लग्नाला तेव्हा वीस वर्षं झाली होती.

इतकी वर्षं मामाजी आले की अंगणातल्या कडुनिंबाखाली तीन दगड मांडत, आपल्या तांदळाचा आपला भात आपल्या गंजात शिजवत आणि पाठ करून जेवत. गिरजा, म्हणजे माझी बायको, दारात उभी राहून बघे. "बाबा, निदान वरून तूप तं घेजा." "नाई माय." बापलेकीचं एवढंच बोलणं. मी वखारीत निघून जायचो. ते बघणं मला झेपत नसे.

त्या वर्षी मात्र पंचाईत झाली. डोळ्यावर पट्टी बांधून घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं, धुरापाशी जायचं नाही, वाकायचं नाही. म्हणजे तीन दगड बंद. म्हातारा उपाशी राहणार की काय! मला वाटलं, चला, आता तरी हट्ट सुटेल. गिरजानं त्या दिवशी सकाळपासून चूल दोनदा सारवली होती. पण मामाजींनी ओसरीवरून शांतपणे हाक मारली, "गिरजा माय, ते कुंपनापलीकडची सगुना हाय का घरी?"

सगुणाबाई आमची शेजारीण, मामाजींच्याच गावची लेक. तीही लेकच, पण तिचं घर पोरांनी भरलेलं. तिच्या घरचं चालत होतं. तेव्हापासून आमच्या घरून तांदूळ कुंपणावरून पलीकडे जायचा आणि भात होऊन अलीकडे यायचा. बापाला ताट लेकीच्या हातानं नाही, सगुणाबाईच्या हातानं. ती मनानं वाईट नव्हती, पण तोंडाला कुलूप नव्हतं. रिकामं ताट उचलता उचलता म्हणायची, "गिरजाबाई, तुमच्या बाबाले माझ्या हातची अंबाडी लई आवडली बरं! बोटं चाटून राह्यले होते." गिरजा हसायची. ते हसणं मी ओळखतो. असं हसून झालं की त्या दिवशी आमच्या भाजीत मीठ दोनदा पडतं.

या सगळ्यात मी चिडत होतो, आणि चिडून काही होत नव्हतं. मला नेमावर चीड होती, सासऱ्यावर होती, सगुणाबाईच्या अंबाडीवर तर फारच होती. अशात एका संध्याकाळी वारा कुठूनसा धूर घेऊन आला. मामाजींनी पट्टीखालून नाक वर केलं. "खळं आठवलं," म्हणाले. "धान चुरून झालं का आमी पळसाच्या पानात आलू बांधून आगीत टाकत होतो. लसून, तिखट, जवसाचं तेल. तुमची सासू बांधे. येनाजानारा कोनीबी बसे खायाले. खळ्यावरच्या आगीले घर नसते, जवाईबापू."

मी ताडकन उठलो. खळ्यावरच्या आगीला घर नसतं! म्हाताऱ्यानं आपल्याच तोंडानं फट दाखवली होती. चूल नको, घर नको. उघड्या जमिनीवर आग करायची आणि पानात आलू.

दुसऱ्या दिवशी मी वखारीतल्या एका गाडीवानाला पळसाची पानं आणायला सांगितली. तो एटापल्लीकडून लाकूड घेऊन यायचा. माझ्या घाईत त्यानं सागाच्या कोवळ्या धुमाऱ्याची पानं आणली. "मोठी हायेत, सायेब, दोनात काम होते." माझ्याही अकलेला ते पटलं. गिरजानं लसूण ठेचला, मी आलू चिरले, पानं काडीनं टाचली आणि पुडे निखाऱ्यांत ठेवले. सागाचं कोवळं पान चुरगळलं की लाल रंग सोडतं, हे जंगलात राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लाकडाच्या वखारीत आयुष्य गेलेल्या मला त्या घटकेला आठवलं नाही. पुडा उघडला तेव्हा आलू जांभळट लाल झाले होते. गिरजा म्हणाली, "हे आलू हायेत का रताळे?" वास औषधाच्या काढ्यासारखा येत होता. मामाजींना पट्टीमुळे दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. "साग हाय हा," म्हणाले. "जवाईबापू, मले खाऊ घालून राह्यले का रंगवून राह्यले?"

मग पळस आणला. पळसात आलू वरून जळायचे आणि आतून कच्चे राहायचे. जाळ कमी केला की पान उमलायचं आणि आत राख जायची. पाणी शिंपडलं की निखारा विझायचा. जाळ मोठा केला की वारा फिरायचा आणि सगळा धूर ओसरीवर मामाजींच्या डोळ्याकडे. "अहो, डागदरानं काय सांगतलं होतं?" म्हणून गिरजा धावायची, म्हाताऱ्याला आत न्यायची. आत नेलं की मामाजी म्हणायचे, "आत कायले नेतं? आतलं मी खात नाई." मी अंगणात उकिडवा बसून फुंकणीनं फुंकत असायचो. भिवया जळाल्या होत्या. वखारीत लोक विचारू लागले, "साहेब, घरी होळी लवकर आली का?"

एकदा मात्र जमलं. बाहेरून पान करपलेलं, आत आलू फुटून पिठूळ झालेले, जवसाच्या तेलाचा आणि लसणाचा असा वास सुटला की सगुणाबाई कुंपणावर आली. मी पुडा पत्रावळीवर ठेवून मामाजींपुढे नेला. माझे हात पोळले होते, पण मी सरळ उभा होतो. वकिलानं कागद पुढे करावा तसा.

मामाजींनी विचारलं, "जमीन कोनाची?"

"कोनती जमीन?"

"आग पेटवली ते."

"अंगनाची."

"अंगन तुमचंच ना?"

मी म्हटलं, "मामाजी, घर भाड्याचं हाय. जमीन घरमालकाची."

म्हातारा अडणारा नव्हता. मालगुजाराच्या कचेरीत जमिनीच्या साक्षी देऊन देऊन पिकलेला माणूस. पट्टी डोळ्याला होती, डोक्याला नव्हती. "भाडं तुमी देता ना? मंग जोवर भाडं देता तोवर तुमचीच." आणि लगोलग विचारलं, "अन् मीठ कोनाचं?"

मीठ आमचंच होतं. पुडा परत गेला. त्या दिवशी मी एकट्यानं सगळे आलू खाल्ले, रागानं. गिरजानं एकही खाल्ला नाही.

आता इतक्या वर्षांनी तो वाद आठवला की हसू येतं आणि हसता हसता दातओठ खावेसे वाटतात. आपल्याकडे नेम पाळणारा माणूस कधी ओरडत नाही. ओरडला तर त्याच्याशी भांडता येतं. तो प्रश्न विचारतो. आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर शोधण्यात आपला जन्म जातो. मी तर उत्तरं शोधायलाच लागलो. मामाजींच्या पुरचुंडीतलं मीठ घेतलं. त्यांच्या पोतड्यातले तांदूळ बाजारात देऊन त्याबदल्यात आलू आणि जवसाचं तेल आणलं. लसूण-तिखटासाठीही त्यांचाच तांदूळ मोजला, आणि बाजारातली बाई माझ्याकडे असं बघत होती की या बाबूच्या घरी रोकडा संपला वाटते. सरपण वाऱ्यानं पडलेल्या फांद्यांचं. पानांचा कच्चेपणा तेवढा उरला होता.

तो प्रश्न चहाच्या दुकानात सुटला. चहाचं मोठं लाकडी खोकं फोडून दुकानदार आतला चांदीचा कागद बाजूला टाकत होता. मी तो उचलला. मऊ, चकचकीत, हवा तसा मुडपणारा, न जळणारा. मला वाटलं, हाच तो. घरी अंगणात करून पाहिलं. पळसाच्या पानात आलू, त्यावर चांदीचा कागद, कडा दुमडून बंद. राख आत जायची सोय नाही, वाफ बाहेर जायची सोय नाही. पुडा फुगला, आत खदखदला आणि उघडला तेव्हा आलू लोण्यासारखे. मी ओसरीवर जाऊन मामाजींच्या हातात रिकामा कागद दिला. त्यांनी चाचपला, कानाशी नेऊन चुरचुरवला. "शिगरेटच्या पाकिटात असते तसा हाय," म्हणाले. "जवाईबापू, आता मले शिगरेटीच्या कागदात गुंडाळून आलू चारता?" पण ओठ हलले होते. मी ते पाहिलं. बरं वाटलं.

राहिली जमीन. चांद्यात कोणाची नाही अशी जमीन कुठली? गिरजाच म्हणाली, "तलावाच्या काठी."

या मधल्या दिवसांबद्दल एक सांगायचं राहिलं. गिरजा माझ्याबरोबर सगळं करत होती, लसूण ठेचत होती, पानं धूत होती, पण बोलत फार नव्हती. आमच्या घरी एक बोलणं फार पूर्वीच बंद झालं होतं. तरुणपणी आम्ही सगळं केलं. नवस झाले, ताईत झाले, नागपूरची डॉक्टरीण झाली. माझी आई, जिला गिरजा आत्याबाई म्हणे, गिरजाची ओटी भरायला निमित्त शोधत राहिली आणि तशीच एक दिवस गेली. मग कधीतरी आम्ही ते सोडलं. कोणत्या दिवशी सोडलं हे आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. जुनं कॅलेंडर भिंतीवरून कोण उतरवतं ते जसं घरात कोणाला आठवत नाही, तसं. माझ्या मनात एवढंच उरलं होतं की हिच्या बापानं हिच्या हातचं एकदा खावं. बाकीचं राहिलं तर राहिलं. एवढं तरी मी या बाईला मिळवून देईन. आलूच्या पुड्यामागे माझा जो जीव चालला होता तो त्यासाठी.

रविवारी दुपारी टांगा केला. मामाजींना मध्ये बसवलं. वाटेत ते वासावरून रस्ता सांगत होते. "हा तेलघाना. हे कोष्ट्याचं घर, सुताले लावाच्या खळीचा वास येऊन राह्यला. आता पानी आलं." तलावाचं पाणी हिवाळ्यात जड आणि हिरवं दिसतं. दोन ढिवर डोंगीत उभे राहून जाळं ओढत होते. ऊन असं होतं की अंगावर घ्यावंसं वाटावं. मामाजींना धुराच्या वरच्या अंगाला, वाऱ्याकडे पाठ करून बसवलं. मी आग केली, निखारे पडू दिले. गिरजानं पुडे बांधले, आत पळस, वर चांदी. निखाऱ्यांवर ते कागद उन्हात असे लखलखले की डोंगीतला एक जण ओरडला, "काय भाजून राह्यले भाऊ, रुपये?"

"आलू!" मी ओरडलो. मी फार खुशीत होतो.

पुडे निघाले. मामाजींनी विचारण्याआधीच मी सुरू केलं. "जमीन कोनाची नाई. सरपन वाऱ्याचं. आलू, तेल, तिखट तुमच्या तांदळाचं. मीठ तुमचं. पानी तलावाचं."

मामाजी म्हणाले, "अन् हात?"

हाताचा हिशेब मी केलाच नव्हता. गिरजा निखाऱ्यापाशी बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "हात तं तुमच्याच घरचा हाय, बाबा. तुमीच दिला होता, मांडवात."

म्हातारा मोठ्यानं हसला. इतका की डॉक्टरांनी पाहिलं असतं तर रागावले असते. "हरलो," म्हणाले. "सगुनाच्या अंबाडीनं माझं तोंड खराब झालं होतं तसंबी. आना."

मी पुडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी कडा उलगडल्या. वाफ वर आली, पट्टीला लागली. लसणाचा वास, करपलेल्या पळसाचा वास. त्यांनी बोटानं एक फोड तोडली. गिरजा तांब्या घेऊन पाण्याकडे गेली. बघायची तिची हिंमत झाली नसावी.

फोड हातातच राहिली.

"जवाईबापू," मामाजी हळू बोलले, "तुमी मले चारी बाजूनं अडवलं. बोलाले काई ठेवलं नाई. पन एक सांगा. आता मी गावाले जाईन. लोक विचारतीन, डोळा बरा झाला का? झाला म्हनीन. लेकीच्या इथी जेवला का? जेवलो म्हनीन. मंग विचारतीन, नातू झाला वाटते! नाई म्हनीन. मंग काऊन जेवला?"

मी काठीनं निखारे उगीच उलटेसुलटे केले.

"मंग काऊन जेवला म्हातारा? त्याची आस सुटली म्हनून जेवला. असंच म्हनतीन ना? अन् ते खोटं नाई राहनार. मी खाल्लं का सुटलीच ते." त्यांनी फोड परत पुड्यात ठेवली, कागद नीट दुमडला, जसा होता तसा. "मी हट्टानं उपाशी नाई राहून राह्यलो. मी थांबून राह्यलो हावो. बस."

मला राग आला. खरं सांगतो, त्या वेळी मला दुसरं काहीच आलं नाही. गिरजाचं वय काय, माझे केस कुठवर गेलेत, याला दिसत नाही म्हणावं तर पट्टी आत्ता बांधलीय! वीस वर्षं दिसत होतं ना? मी उठून आगीवर माती लोटायला लागलो. माती पण नीट लोटेना, चिखल होता.

गिरजा तांब्या भरून परत आली होती. कधी आली ते मला कळलं नाही. मामाजींनी चाहुलीवरून हात पुढे केला आणि पुडा तिच्या ओटीत ठेवला.

"तू खा, माय. गरम हाय."

ती बसली आणि खाल्लं. सगळं खाल्लं, पान चाटून.

"कसा झाला?"

"मीठ कमी हाय."

"कमी कसं होईन? माझ्या गावचं मीठ हाय ते."

"टाकनारा हात यांचा होता ना बाबा," ती माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली, आणि दोघं बापलेक हसायला लागली. मी हसलो नाही. डोंगीतले ढिवरसुद्धा हसले, त्यांना काय कळलं कोण जाणे.

घरी आलो. मामाजींना ओसरीवर टेकवलं. कुंपणापलीकडे सगुणाबाईची फोडणी चरचरली. मी स्वयंपाकघरात जाऊन उरलेला चांदीचा कागद कोपऱ्यात फेकला आणि बायकोपुढे सगळा राग ओतला. दगड आहे म्हटलं हा माणूस. पण मीही सोडणार नाही. त्याची अडचण गावची आहे ना? मग गावात कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घालतो. उद्या पुन्हा तलावावर जाऊ, आपण तिघंच, ढिवर नसतील अशा वेळी. एक घास. मी चारून दाखवतो.

गिरजा सुपात उद्याचे तांदूळ निवडत होती, बापाचे, सगुणाबाईकडे द्यायचे. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली,

"नका चारू. आत्याबाई वाट पाहता पाहता गेल्या. आपन दोघांनी तं कवाचं सोडलं. आता आपल्या घरी लेकरू येईन म्हनून थांबलेला तेवढा एकच मानूस उरला हाय. त्याले जेऊ नका घालू."